शिबिर बंद करून मंडळी वाचणार नाही

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शहादा-तळोदा भागातल्या मंडळ्यांमध्ये युवक शिबिराचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला आक्षेपही निघतो. शिबिर हवंच कशाला? पोरं तीन दिवस गातात, रडतात, समर्पणाला पुढे येतात, निघताना एकमेकांच्या गळ्यात पडतात. महिनाभरानं पाहावं तर तीच पोरं म्हसावदच्या बसस्टँडवर मोबाइलमध्ये मान घालून बसलेली, आणि रविवारी प्रार्थनाघरात त्यांची जागा रिकामी. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी उतरला. त्यापेक्षा तोच पैसा प्रार्थनाघराच्या पत्र्यांना लावा, कुंपणाला लावा. विश्वास घरात आणि मंडळीत वाढतो, मंडपात वाढत नाही.

हे बोलणारी माणसं उथळ नाहीत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी भावकीचा रोष पत्करून प्रभूचं नाव घेतलं, पावसाळ्यात नाले ओलांडून उपासनेला येत राहिले, स्वतःच्या घरात कमी असताना अर्पणाच्या थैलीत टाकत राहिले. काळजीपोटीच ते बोलतात. म्हणून हो ला हो करून विषय टाळण्यापेक्षा त्यांना सरळ उत्तर देणं हाच त्यांचा मान आहे. माझं उत्तर असं की तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, आणि त्यावरून जो निकाल दिलात तो चुकीचा आहे. मुलं गळतात हे मीही पाहतो. पण शिबिरातून परत येऊन ती आपल्या हातात पडतात, आणि गळतात ती तिथून. निकाल द्यायचाच असेल तर आधी आपल्यावर द्यावा लागेल.

आधी घराची गोष्ट घेऊ, कारण आक्षेपातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. आईवडिलांचा विश्वास मुलांमध्ये उतरतो, हे कुणी नाकारत नाही. अमेरिकेत ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी किशोरवयीन मुलांच्या धर्मजीवनाचा मोठा अभ्यास करून 2005 साली पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यातही आईवडिलांचा प्रभाव सर्वांत मोठा ठरला. आमच्याकडचे शिकलेले पाळक या अभ्यासाचा दाखला देतात. पण तो अभ्यास ज्या घरांवर उभा आहे ती घरं आणि सातपुड्याच्या पायथ्याची घरं एक नव्हेत. शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं की म्हसावद लागतं. खाली सपाटीवर केळी, पपई, ऊस, कापूस. वर डोंगरात भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. या लोकांमधली किती कुटुंबं वर्षभर एका छपराखाली राहतात? दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसात जातात, होळीच्या सुमारास किंवा त्याही नंतर परततात. मुलं आश्रमशाळेच्या वसतिगृहात, नाहीतर आजीजवळ, नाहीतर त्याच उसाच्या फडावर कोपीत. कोणत्या घरात, कोणत्या दिव्याखाली, कोणत्या आईनं त्यांना रोज संध्याकाळी वचन वाचून दाखवायचं? त्या आईला अनेकदा अक्षरओळखच नसते, आणि असली तरी ती त्या वेळी बार्डोलीकडे मोळ्या बांधत असते.

शिवाय आमच्यातली पुष्कळ मुलं पहिल्या पिढीची विश्वासणारी आहेत. घरात एकटीच. वडील मानत नाहीत, थोरला भाऊ चिडवतो, आजी अजून गावदेवाला कोंबडं देते. अशा मुलाला ‘विश्वास घरातच वाढतो’ असं सांगणं म्हणजे, तुझा विश्वास वाढणार नाही असं त्याला बजावणं झालं. घर हेच पहिलं मंदिर हा उपदेश ज्यांच्याकडे तसं घर आहे त्यांनी जरूर पाळावा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी मंडळीनं घर व्हायचं असतं, आणि वर्षातले तीन दिवस का होईना, आमच्या भागात ते घर शिबिरातच उभं राहतं. आश्रमशाळेतली नववीतली मुलगी तिथं पहिल्यांदा पाहते की आपल्यासारख्याच, आपल्याच भाषेत प्रार्थना करणाऱ्या शंभरेक मुली आहेत. तिच्या विश्वासाला त्या दिवशी सोबत मिळते. आयुष्यभर भरलेल्या प्रार्थनाघरात बसलेल्या माणसाला त्या सोबतीची किंमत कळायला जरा जड जातं.

आता त्या तीन दिवसांत काय घडतं ते पाहू, कारण आक्षेप घेणारे बहुतेक जण उद्घाटनाला येतात आणि समारोपाला येतात. मधला भाग त्यांनी पाहिलेला नसतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसऱ्या रात्रीची प्रश्नपेटी. बुटाच्या खोक्याला वर चीर पाडलेली असते, दिवसभर मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात, नावं लिहायची नसतात. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की मंडपात सतरंजीवर सगळे बसतात आणि चिठ्ठ्या वाचल्या जातात. होळीला ढोल वाजवला तर चालेल का? माझे आजोबा येशूचं नाव न ऐकताच वारले, ते आता कुठे असतील? मुकादमाची उचल फेडली नाही आणि पळून आलो तर ते पाप आहे का? भाऊ पिऊन आईला मारतो, त्याला किती वेळा क्षमा करायची? मुलगी पाळक होऊ शकते का? आजोबांची चिठ्ठी वाचली गेली की बसलेली सगळी मुलं नजर खाली घालतात, कारण तो प्रश्न एकाचा नसतो. अशा वेळी पाठ केलेलं उत्तर चालत नाही. शिकवायला बसलेल्यालाही थांबून विचार करावा लागतो, आणि देव न्यायी आहे, आजोबांवर तुझ्यापेक्षा त्याची माया जास्त आहे, त्यांना त्याच्या हाती दे, एवढंच म्हणावं लागतं. मग कुणी आणखी विचारतं. रात्री बारापर्यंत चालतं.

माझा मंडळीच्या वडिलांना प्रश्न आहे. यातला एक तरी प्रश्न तुमच्या रविवारच्या उपासनेत कुणी विचारला आहे का? विचारायला जागा आहे का? गीत, प्रार्थना, वचन, अर्पण, आशीर्वाद, घरी. पंचेचाळीस मिनिटांच्या उपदेशात तरुणाला तोंड उघडायची एकही संधी नसते. बारा वर्षांचा येशू सणाला यरुशलेमेस गेला आणि मंदिरात गुरुजनांमध्ये बसून राहिला, हे लूकानं दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. तो तिथं काय करत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आईवडील तीन दिवस त्याला शोधत होते, सापडल्यावर रागावलेही. पण त्या गुरुजनांपैकी कुणी त्याला ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून हाकलून दिलं असं लूक लिहीत नाही. आणि नंतर तो नासरेथास परत गेला, आईबापांच्या आज्ञेत राहिला. घर आणि सणाची यात्रा यांच्यात त्याला निवड करावी लागली नाही. आपण मात्र मुलांना तशी निवड करायला लावतो आहोत.

शिबिर हे शहरी किंवा परदेशी खूळ आहे, आपल्या मातीतलं नाही, असाही एक सूर असतो. तो मला सगळ्यात कच्चा वाटतो. या सातपुड्यातली एक तरी श्रद्धा दाखवा जी तरुणांना घराबाहेर, चार दिवस एकत्र, देवाच्या वाटेवर काढल्याशिवाय टिकली आहे. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला हजारो पोरं निघतात, रात्री शिखर चढतात. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची यात्रा भरते. काठीची होळी पाहायला लोक रात्रभर जागतात. तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, ज्याला आता रंजनपूर म्हणतात, 1930 च्या दशकात गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. हजारोंच्या संख्येनं भिल्ल लोक तिथं जमू लागले, एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले, दारू सोडू लागले. तिथं जमणंही भावनेचंच होतं. पण तिथून माणूस रिकाम्या हातानं परतला नाही. दारू सोडायची, रोज आंघोळ करायची, घर स्वच्छ ठेवायचं, असा रोजचा नेम घेऊन परतला, आणि तो नेम पाळणारे शेजारी त्याला गावात भेटले. गुलाम महाराज 1938 साली वारले. आप धर्माची माणसं या भागात आजही आहेत.

शहाद्यात 1970 च्या दशकात जे घडलं ते तर आमच्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथल्या आदिवासी चळवळीचे नेते अंबरसिंग सुरतवंती स्वतः भजनी होते. त्यांच्या मागे आणि नंतर श्रमिक संघटनेच्या मागे जे आदिवासी तरुण उभे राहिले ते गावोगावच्या बैठकांतून आणि शिबिरांतून तयार झाले. बायकांचं शिबिर भरलं, तिथं बायका नवऱ्याच्या दारूबद्दल आणि मारझोडीबद्दल पहिल्यांदाच चारचौघींत बोलल्या, आणि तिथूनच दारूची मडकी फोडायला निघाल्या. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं की या बायका दोन दिवस भारावल्या आहेत, उद्या विसरतील, तर ते खोटं ठरलं असतं. कारण शिबिर संपलं तेव्हा समोर काम उभं होतं. विश्वासाचा आणि चळवळीचा मार्ग एक नव्हे, हे मला कळतं. पण माणसाचं मन दोन्हीकडे सारखंच असतं. पेटलेल्या मनाला लगेच काम मिळालं तर ते टिकतं.

आणि ज्या मिशनचे आपण उपकार मानतो तिची जन्मकथा तरी आठवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात सुवार्ता घेऊन आलेल्यांमध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन होतं. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश माणसानं ते काढलं. कसं काढलं? ऑक्टोबर 1890 मध्ये न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये त्यानं तरुणांचा दोन आठवड्यांचा शास्त्रवर्ग घेतला. दोन आठवडे! त्या वर्गातून आणि त्यानंतरच्या तशाच वर्गांतून निघालेले तरुण काही महिन्यांत जहाजानं चीनला रवाना झाले. त्याच्या चार वर्षं आधी, 1886 च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत माउंट हर्मन इथे सुवार्तिक मूडी यांच्या शिबिरात 251 विद्यार्थी महिनाभर एकत्र राहिले. त्यांतले शंभर जण मिशनकार्याला जायला तयार झाले आणि पुढे त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवकांची जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. हे मंडपातले, सुट्टीतले, भारावलेले तरुण होते. तेव्हाच्या एखाद्या सावध वडीलमाणसानं तो वर्ग बंद करून ते पैसे छताला लावले असते, तर म्हसावदच्या परिसरात आज कुणाच्या घरी कोणतं शास्त्र वाचलं गेलं असतं, याचा विचार करावा.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याहून मोठा दाखला आहे, आणि तो देताना मला अभिमान वाटतो. 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जी संजीवनाची लाट आली, ती तरुण मुलींचीच होती. दुष्काळातून वाचवलेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या, अनाथ मुली. त्या रडल्या, मोठ्यानं प्रार्थना केल्या, रात्र रात्र जागल्या. टीका झाली. हा गोंगाट आहे, हा उन्माद आहे, हे असं उपासनेत शोभत नाही. रमाबाई साध्यासुध्या भाविक नव्हत्या. कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेपुढे मान तुकवली, त्या रमाबाई होत्या. त्यांना उन्माद आणि श्रद्धा यांतला फरक कळत होता. त्यांनी टीकाकारांना स्पष्ट सांगितलं की भारतीय माणसाच्या स्वभावाला साजेशा रीतीनं देवाचा आत्मा काम करत असेल तर त्याला परक्या शिस्तीचे दंडक लावू नका. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रार्थनेत तापलेल्या या मुलींच्या टोळ्या त्यांनी गावोगाव पाठवल्या. त्यांच्या हातात छापखाना दिला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या आणि मुक्तीतल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले, फर्मे छापले. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं, आणि 1924 साली पूर्ण बायबल बाहेर पडलं. त्याआधी सुमारे एकोणीस वर्षं ज्यांच्या रडण्याला उन्माद म्हटलं गेलं, त्या मुक्तीच्या मुलींच्या हातांनी ते छापलं गेलं.

रमाबाईंनी केलं ते आपण करत नाही. मुद्दा इथेच आहे आणि मी तो लपवून ठेवणार नाही. शिबिराहून आलेल्या मुलाला आपण काय देतो? ख्रिसमसला मंडप बांधायला, लग्नाला खुर्च्या उचलायला आणि उपासनेला माईक जोडायला बोलावतो. शाब्बाथशाळेचा वर्ग त्याच्या हाती देत नाही, कारण तो अजून लहान आहे. वाचन देत नाही, कारण त्याचे उच्चार नीट नाहीत. मंडळीच्या बैठकीत बसवत नाही, कारण तिथं हिशेबाच्या गोष्टी असतात. पावरीत किंवा भिलीत त्यानं गीत रचलं तर ते ‘उपासना संगीता’त नाही म्हणून बाजूला ठेवतो. ज्या टिळकांच्या भजनांवर आपण डोळे मिटून डोलतो, त्या नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला तिच्या मातीतली अभंगाची आणि कीर्तनाची चाल परत दिली होती, हे आपण सोयीनं विसरतो. सहा महिने असं चाललं की मुलगा येणं बंद करतो. मग आपण म्हणतो, पाहा, शिबिराचा ताप उतरला.

पेरणाऱ्याचा दाखला या वादात हमखास पुढे केला जातो. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी लगेच उगवलं आणि ऊन लागताच करपलं, तसे हे शिबिराचे विश्वासणारे. दाखला बरोबर आहे, लावलेला उलटा आहे. त्या दाखल्यात बी सगळीकडे तेच होतं, पेरणाराही तोच होता. फरक जमिनीत होता. या भागातला शेतकरी उगवून करपलेलं रोप पाहून बियाण्याला शिव्या देत बसत नाही. आधी वाफसा होता का, पाणी कधी दिलं होतं, खाली मुरूम किती आहे, हे पाहतो. आपल्या मंडळीत माती किती आणि मुरूम किती, हे पाहायची वेळ आली की आपण मंडपाकडे बोट दाखवतो.

डोंगरावरच्या रूपांतराची गोष्ट तर या वादासाठीच लिहिल्यासारखी आहे. येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच वर घेऊन गेला. तिथं त्यांनी जे पाहिलं ते पाहून पेत्राला वाटलं, इथेच तीन मंडप करून राहावं. येशूनं त्याला राहू दिलं नाही, खाली आणलं. शिबिरातच अडकून बसलेल्या, वर्षभर फक्त पुढच्या शिबिराची वाट पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट मी दरवेळी सांगतो, आणि शिबिराच्या बाजूचा असूनही सांगतो. पण मार्काच्या नवव्या अध्यायात पुढे वाचा. खाली काय होतं? एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन आला होता आणि खाली राहिलेल्या शिष्यांना त्याच्यासाठी काहीही करता आलं नव्हतं. नुसता वाद चालला होता. येशूचा संताप त्या खालच्या असमर्थ लोकांवर झाला. डोंगरावर गेलेल्यांना त्यानं बोल लावला नाही, डोंगरालाही नाही. देवाच्या नियमशास्त्रात तर दरवर्षी सात दिवस घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहायची आज्ञाच आहे, लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात. वर्षातून एकदा घराबाहेर राहून देव आठवायचा असतो, हे इस्राएलाला सणाच्या रूपानं शिकवलं गेलं.

आता शिबिर चालवणाऱ्यांशी बोलतो, कारण त्यांचे दोष झाकून मला हा वाद जिंकायचा नाही. समारोपाच्या रात्री हात मोजणं बंद करा. किती जणांनी समर्पण केलं हा आकडा अहवालात लिहिण्यासाठी असतो. मुलं तीन दिवस कमी झोपलेली असतात, कॅसिओवर हळूहळू सूर चढत असतो, नरकाचं वर्णन चाललेलं असतं आणि अशा घटकेला पंधरा वर्षांच्या पोराकडून आयुष्यभराचा शब्द घेतला जातो. हा शब्द देवाला पोहोचला की थकव्याला, हे त्या पोरालाही सांगता येत नाही. नंतर तो मोडला की त्याला वाटतं, मी देवाला फसवलं, आता मंडळीत तोंड कसं दाखवू. माझा अनुभव असा की गळणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण अविश्वासामुळे जात नाहीत, या शरमेमुळे जातात. समर्पणाचं आवाहन सकाळी करा, झोप झाल्यावर, वाद्य न वाजवता. विचार करायला एक दिवस द्या. जो येईल तो कमी येईल, पण पायावर उभा राहून येईल.

आवाजही कमी करा. म्हसावदच्या चार पाड्यांना ऐकू जाईल एवढा डीजेचा साउंड भाड्यानं आणायला जे पैसे जातात, त्यात प्रत्येक मुलाला नवा करार देता येईल. मुंबई-पुण्याहून पाहुणा वक्ता आणायचा, त्याची गाडी, त्याची खोली, त्याचं मानधन. आणि तो इथल्या मुलांशी बोलणार शहरातल्या कॉलेजच्या मोहांविषयी, जे मोह या पोरांच्या वाट्याला अजून आलेलेच नाहीत. यांचा मोह मुकादमाची उचल आहे, गुटखा आहे, लग्नाआधी मुलीला पळवून नेणं आहे, नोकरीच्या आशेनं दलालाला दिलेले पैसे आहेत. वसतिगृहात राहून बारावी, नर्सिंग, आयटीआय केलेला इथलाच एखादा विश्वासणारा तरुण हे जितकं नेमकं बोलेल, तितकं कुणी बाहेरचा बोलणार नाही.

आणि दार उघडं ठेवा. बाहेर शिबिरांकडे संशयानं पाहणारे लोक आहेत आणि आमच्यातले काही जण या भीतीपोटीही शिबिर नको म्हणतात. भीतीनं लपूनछपून काही केलं की संशय वाढतो. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदानं धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क दिला आहे, तो उजेडात वापरायचा असतो. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या पालकाची लेखी संमती घ्या, दुसऱ्या घरातलं मूल पालकांना न विचारता आणूच नका, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलाला आधी कळवा, गावातला कुणीही येऊन बसला तर त्याला पाणी आणि ताट द्या. मुलींची झोपायची सोय वेगळी हवी, त्यांच्यासोबत मंडळीतल्या जबाबदार बायका रात्रभर हव्यात, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्यात काय आहे हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवं. एवढी काळजी घेतली की मुलं-मुली एकत्र येतात या तक्रारीतही फारसं काही उरत नाही. तीच मुलं-मुली शाळेत, बाजारात, उसाच्या फडावर एकत्रच असतात, आणि तिथं त्यांच्यावर नजर ठेवायला कुणीही नसतं.

पत्र्यांच्या खर्चाबद्दल एवढंच म्हणतो की पत्रे गळतात तेव्हा आपण ताबडतोब वर्गणी काढतो. तरुण गळतात तेव्हा बैठक घेतो आणि शिबिर बंद करायचा ठराव करतो.

एक गोष्ट मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांकडून शिकून मान्य करतो. वर्षातले तीन दिवस पुरेसे नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून शिबिर तोडायचं नसतं, उरलेल्या दिवसांशी जोडायचं असतं. त्याला पैसा फार लागत नाही. उसाच्या टोळीबरोबर गेलेल्या आपल्या तरुणांपैकी दोघांना फडावरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची जबाबदारी द्यायची आणि महिन्यातून एकदा पाळकानं किंवा एखाद्या वडिलानं बार्डोलीची बस धरून तिथं जायचं. आश्रमशाळेत असलेल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी पालकांच्या परवानगीनं जवळच्या विश्वासणाऱ्या घरी जेवायला बोलवायचं. प्रश्नपेटी शिबिर संपल्यावर गुंडाळून न ठेवता प्रार्थनाघरात ठेवायची आणि महिन्यातल्या एका रविवारी उपदेशाच्या जागी तिच्यातल्या चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायची. शिबिराची तारीखही मुंबईच्या वक्त्याच्या सोयीनं ठरू नये, टोळ्या परतल्यावर ठरावी. नाहीतर ज्यांना शिबिराची सगळ्यात जास्त गरज आहे तेच तरुण त्या वेळी मोळ्या वाहत असतात.

म्हणून शहादा, तळोदा, अक्राणी आणि नवापूरच्या मंडळ्यांतल्या वडिलांना, पाळकांना आणि बहिणींना माझी विनंती आहे. येत्या बैठकीत पत्र्यांचा विषय जरूर घ्या. पण त्याच बैठकीत शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचं नाव वहीत लिहा. त्या नावापुढे मंडळीतलं एक घर लिहा, जे घर वर्षभर त्याची विचारपूस करील. आणि त्याच्यापुढे एक काम लिहा, जे परत आल्यावर पहिल्याच रविवारी त्याच्या हाती सोपवलं जाईल. हे एक वर्ष करा. त्यानंतरही मुलं तशीच गळत असतील तर शिबिर बंद करायचा ठराव खुशाल मांडा, मी त्याच्या विरोधात बोलायला उभा राहणार नाही.